उचलणे, धरणे आणि उतरवणे

(झाशी येथील रेल्वे वसाहतीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार बोलतात. यंदा कार्यकारिणीने माझे नाव सुचवले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही वॅगनवर बोलणार का?" मी डिप्लोमा केलेला मेकॅनिकल इंजिनिअर. वीस-बावीस वर्षे मालगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीत गेली. पण आज मी वॅगनवर बोलणार नाही. ज्या यंत्राशिवाय एकही वॅगन दुरुस्त होत नाही आणि एकही गणपती मखरात बसत नाही, त्या यंत्रावर बोलणार आहे. ते यंत्र म्हणजे आपला हात, म्हणजेच आपला दंड.

आधी सर्वांनी एक छोटा प्रयोग करा. डावा तळहात उजव्या दंडावर ठेवा. आता उजव्या हातात एखादी जड वस्तू आहे असे समजा. ज्यांच्याकडे पाण्याची बाटली असेल त्यांनी ती घ्या. कोपरातून हात सावकाश वर आणा. दंड टणक झाला ना? आता हात अर्ध्यावर थांबवा. तरीही टणक आहे. आता बाटली अगदी सावकाश खाली न्या. मघाशी मी दोन-तीन सहकाऱ्यांना विचारले, "हात खाली नेताना कोणता स्नायू काम करतो?" उत्तर आले, "मागचा." पण तळहाताला काय जाणवते? खाली नेतानाही पुढचाच स्नायू टणक आहे. बाटलीला खाली ओढायला पृथ्वी समर्थ आहे, तिला मदत लागत नाही. पुढचा स्नायू तिथे ब्रेक लावून उभा आहे. तो ताणला जातो आहे, लांब होतो आहे, आणि लांब होता होता जोर लावतो आहे.

म्हणजे एकाच स्नायूची कामे तीन. आखडत जोर लावणे, म्हणजे उचलणे. लांबी न बदलता जोर लावणे, म्हणजे धरणे. आणि लांबत जोर लावणे, म्हणजे उतरवणे. डॉक्टर मंडळी यांना अनुक्रमे कॉन्सेंट्रिक, आयसोमेट्रिक आणि एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. आपण उचलणे, धरणे, उतरवणे असेच म्हणू. वजन तेच असले तरी या तीन कामांत स्नायूला लागणारी वीज वेगवेगळी असते. आजचा सगळा विषय एवढ्या एका वाक्यात आहे. पण या वाक्याचा आपल्या कोपराशी, आपल्या कामाशी आणि येत्या अनंत चतुर्दशीशी थेट संबंध आहे.

वीज म्हटल्यावर काही जण दचकले असतील. फुगवलेल्या दंडाला मराठीत बेटकुळी म्हणतात, म्हणजे छोटा बेडूक. योगायोग पाहा, या शास्त्राची सुरुवातही बेडकापासूनच झाली. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावर प्रयोग केले आणि स्नायूचा विजेशी संबंध आहे हे १७९१ साली ग्रंथरूपाने मांडले. पुढे १८४० च्या दशकात बर्लिनच्या एमिल द्युबुआ-रेमाँ यांनी माणसावर प्रयोग केला. दोन्ही हात मिठाच्या पाण्यात बुडवायचे, मध्ये हजारो वेढ्यांचे अतिसंवेदनशील गॅल्व्हॅनोमीटर जोडायचे, आणि एकच दंड आवळायचा. दंड आवळला की काटा हलला! माणसाने मनात आणले आणि बाहेरचा काटा हलला, असा तो क्षण.

आज हेच काम ईएमजी नावाचे यंत्र करते. माझी पुतणी फिजिओथेरपी शिकते. तिच्या विभागात शिक्षकांच्या परवानगीने मी एकदा खुर्चीत बसलो आणि माझ्या दंडावर इलेक्ट्रोड चिकटवले गेले. स्नायू आवळला की पडद्यावर गवतासारखी दाट रेघ उठायची. ही वीज किती असते? त्वचेवर मोजली तर एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आपल्या डोक्यावरच्या ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट, आणि इथे व्होल्टचा हजारावा हिस्सा! त्यात खोलीतल्या दिव्यापंख्यांची ५० सायकलची गुणगुण मिसळते ती वेगळीच. म्हणून शेजारी-शेजारी दोन इलेक्ट्रोड लावतात आणि दोघांतला फरक तेवढा मोजतात. जी गुणगुण दोन्हीकडे सारखी ती वजा होते, उरते ती स्नायूची स्वतःची वीज. इलेक्ट्रिकल विभागाच्या मित्रांना यातली युक्ती लगेच कळेल.

मला पाच किलोचे डंबेल दिले. सावकाश उचलताना रेघ चांगली जाड झाली. अर्ध्यावर धरले तेव्हा थोडी बारीक झाली. आणि त्याच वेगाने खाली उतरवताना ती सरळसरळ रोडावली. वजन तेच, हात तोच, वेग तोच. मग वीज कमी का?

याचे उत्तर शोधण्याआधी एक गैरसमज दूर करू. ही वीज म्हणजे स्नायूचा जोर नव्हे. मेंदूकडून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून स्नायूपर्यंत पोहोचतो. एकेक मज्जापेशी आपल्या हाताखालच्या तंतूंच्या टोळीला एकदम कामाला लावते. हलक्या कामाला लहान टोळ्या आधी येतात, भार वाढला की मोठ्या टोळ्या मागून येतात. ईएमजी मोजते ते हे, किती टोळ्या कामावर आल्या आणि त्यांना किती वेळा हाक मारावी लागली. म्हणजे ते हजेरीपुस्तक आहे, उत्पादनाचा तक्ता नव्हे. हात स्थिर असताना हजेरी आणि उत्पादन बरोबरीने वाढते. म्हणून तिथे वीज पाहून जोराचा अंदाज बांधता येतो. पण हात हलू लागला की हा हिशेब बदलतो. ब्रेंडा बिगलँड आणि ओलोफ लिपोल्ड यांनी १९५४ मध्ये माणसाच्या पोटरीच्या स्नायूंवर हे मोजून दाखवले. तेवढ्याच जोराला आखडणाऱ्या स्नायूत जास्त वीज लागते, लांबणाऱ्या स्नायूत कमी.

आता कारण पाहू. स्नायूच्या तंतूत दोन प्रकारचे अतिसूक्ष्म धागे एकमेकांत सरकतात. हे १९५४ साली दोन स्वतंत्र जोड्यांनी मांडले. अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के ही एक, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन ही दुसरी. जाड धाग्यावर आकड्यांसारखी टोके असतात. ती बारीक धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. दोरखेचात दोर ओढणारे हात डोळ्यांपुढे आणा. दोर आपल्याकडे जितका भरभर येतो, तितके एका क्षणी दोरावर पक्के बसलेले हात कमी. म्हणून वेगाने उचलताना जोर घटतो. आर्चिबाल्ड हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्याच स्नायूवर वेग आणि जोर यांचा आलेख काढला. तो पाहिला तेव्हा मला इंजिनाचा आलेख आठवला. गाडी सुटताना ओढ सर्वाधिक आणि वेग वाढेल तशी ओढ कमी. निसर्गाने आणि ट्रॅक्शन मोटरने जवळपास सारखीच रेघ काढली आहे.

पण दोर उलट दिशेला, आपल्या हातून ओढला जाऊ लागला तर? तेव्हा आकडे सुटत नाहीत, ताणले जातात. प्रत्येक आकडा आपल्या ताकदीपेक्षा जास्त भार झेलतो. शिवाय तंतूत टायटिन नावाचे प्रचंड लांबीचे प्रथिन असते, तेही स्प्रिंगसारखे ताण घेते. परिणाम असा की शरीराबाहेर काढलेला स्नायू ताणला जात असताना स्थिर अवस्थेतल्या कमाल जोराच्या दीडपट किंवा त्याहून अधिक भार पेलू शकतो. जिवंत माणसात एवढा जोर स्वेच्छेने निघत नाही, कारण मज्जासंस्था तिथे हात आखडता घेते. इजा टाळण्याची ती सोय असावी, असे मानले जाते.

इंधनाचा हिशेबही असाच आहे. १९५२ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचे, दुसऱ्याने त्याला विरोध करायचा. जोर दोघांचा सारखा, वेगही सारखा. तरी विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू कित्येक पट कमी! रॉयल सोसायटीत हा प्रयोग करून दाखवला तेव्हा विरोध करणाऱ्या एका तरुणीने पेडल मारणाऱ्या तरुणाला थोड्याच वेळात पार थकवून टाकले, आणि जमलेल्या विद्वानांची चांगली करमणूक झाली.

इथवर ऐकून वाटेल, मग उतरवण्याचे काम तर स्वस्तात झाले. वीज कमी, प्राणवायू कमी, दम लागत नाही. इथेच खरी मेख आहे. आपल्यापैकी अनेक जण झाशीहून पुण्याला जाताना घाटातून गेले आहेत. कसारा आणि बोर दोन्ही घाटांत चढ ३७ फुटांना एक फूट. चढताना मागे बँकर इंजिने लागतात, आवाज होतो, सगळ्यांचे लक्ष असते. पण लोको पायलटला विचारा, त्याचा जीव कुठे टांगलेला असतो? उतारावर. चढावर इंजिन कमी पडले तर गाडी थांबते. उतारावर ब्रेक कमी पडला तर गाडी थांबत नाही. म्हणूनच घाट उतरताना आधी ब्रेकची तपासणी आणि वेगावर कडक मर्यादा. हाताचेही तसेच आहे. उचलताना दमलो तर वस्तू जमिनीवरच राहते. उतरवताना दमलो तर ती पायावर येते, नाहीतर स्नायू फाटतो.

आता हजेरीपुस्तकाकडे परत या. उतरवताना वीज कमी म्हणजे कामावर आलेल्या टोळ्या कमी. वजन मात्र तेवढेच. म्हणजे प्रत्येक तंतूवर पडणारा भार जास्त. दहा जणांचे ओझे सहा जणांनी पेलले तर मजुरी वाचते, पण त्या सहांच्या कमरेचे काय? तसे होऊन तंतूत अतिसूक्ष्म फाटाफूट होते. जड कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते यामुळे. लॅक्टिक आम्ल साठते म्हणून दुखते, असे आपण ऐकत आलो. ते आम्ल तर विश्रांती घेतल्यावर तासाभरात निवळते, दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच या दुखण्याचे कारण स्नायूतली फाटाफूट असावी, असे म्हटले होते. पुढे १९५६ मध्ये डेन्मार्कचे एर्लिंग आसमुसेन यांनी लोकांना एका पायाने पायरी चढायला आणि दुसऱ्या पायाने उतरायला लावले. चढणारा पाय जास्त दमला, पण दुखला तो उतरणारा. थकवा एकीकडे आणि इजा दुसरीकडे. माझ्या मते आजच्या व्याख्यानातली लक्षात ठेवण्याची गोष्ट हीच. किती दमलो यावरून किती इजा झाली हे कळत नाही.

आता थोडे गंभीर बोलतो. आपल्या दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर हाडाला बांधलेला आहे. तळहातावरचे वजन कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर. तरफेचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको. हातात १० किलो असेल तर स्नायूंवर ७० किलोचा ताण, हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. एका ओळखीच्या फिटरची गोष्ट सांगतो. वय माझ्याएवढेच, पंचेचाळीस. दोघांनी मिळून एक जड भाग उतरवायला घेतला. जोडीदाराची पकड सुटली. याने कोपर वाकवलेल्या हाताने सगळा भार झेलायचा प्रयत्न केला. कोपराजवळ 'टक्' असा आवाज झाला, आणि दंडाची बेटकुळी कोपराकडून वर खांद्याकडे सरकली. स्नायू हाडाला बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, तुटली होती. ही इजा बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांना होते आणि बहुतेक अशाच क्षणी होते. वाकलेला कोपर भारामुळे एकाएकी उलगडतो तो क्षण. त्या माणसाने दोन दिवस तेल चोळले. सुदैवाने तिसऱ्या दिवशी पत्नीने हट्टाने अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेले. शस्त्रक्रिया झाली आणि आज तो कामावर आहे. अशा शस्त्रक्रियेला पहिले दोन-तीन आठवडे महत्त्वाचे असतात. नंतर कंडरा आखडते आणि जोडणे अवघड होते. म्हणून कोणाच्या कोपराजवळ असा आवाज झाला, काळेनिळे पडले, आकार बदलला, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मंडळी, अजून सहा दिवसांनी आपली मूर्ती याच मंडपातून निघेल. दरवर्षी एक गोष्ट होते. मूर्ती उचलायला उत्साही तरुणांची झुंबड उडते. मिरवणुकीत तेच नाचतात, तेच ढोल वाजवतात, आणि चार-पाच तासांनी तलावाच्या पायऱ्यांवर तेच दमलेले हात मूर्ती खाली उतरवतात. म्हणजे सगळ्यांत जोखमीचे काम सगळ्यांत थकलेल्या हातांकडे. धरून धरून दमलेल्या स्नायूचे ईएमजी पाहिले तर तेच वजन पेलायला त्याला अधिकाधिक टोळ्या बोलवाव्या लागतात. राखीव फौज आधीच खर्ची पडलेली असते. पायरीवर धक्का बसला तर मदतीला यायला कोणी उरत नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझी हात जोडून विनंती आहे. उतरवणारी तुकडी वेगळी ठेवा. तिने मिरवणुकीत चालावे, पण ओझे धरू नये. तलावावर आदेश एकाच माणसाचा चालावा, क्रेनला खूण करणारा एकच असतो तसा. त्याच्या शब्दाशिवाय कोणी पकड सोडायची नाही. मूर्तीच्या पाटाखालून पट्टे घ्या, म्हणजे भार कोपरावर न लटकता खांद्यांवर आणि पायांवर येईल. हात अंगाजवळ ठेवा आणि खाली जाताना गुडघ्यात वाका. कार्यशाळेतल्या सहकाऱ्यांना आणखी एक सांगणे. लोखंडी वस्तू हातून निसटली तर ती हवेत झेलू नका. पाय मागे घ्या आणि पडू द्या. वस्तू दुरुस्त करणे हे आपले कामच आहे.

एक दिलासाही देतो. स्नायू फार लवकर शिकतो. उतरवण्याचा हलका सराव एकदा झाला की पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे, तसल्याच कामाने होणारी इजा आणि दुखणे बरेच कमी होते. तेव्हा उतरवणाऱ्या तुकडीने आज रात्री आणि दोन दिवसांनी पुन्हा, पाण्याने अर्धी भरलेली बादली कोपरातून सावकाश खाली न्यायचा सराव करावा. पाच आकडे मोजत, दहा वेळा, दोन्ही हातांनी. दुखेपर्यंत नाही.

समोर बसलेल्या निवृत्त काकांना आणि मावशींना वाटेल, यात आमच्यासाठी काय? उलट तुमच्यासाठीच जास्त आहे. वयाबरोबर उचलण्याची ताकद जितकी घटते, तितकी उतरवण्याची घटत नाही. आणि या कामाला प्राणवायू कमी लागतो. म्हणून हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या काही रुग्णांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली असा व्यायाम देतात. खुर्चीवर धपकन बसू नका, सावकाश बसा. पाण्याचा तांब्या ठेवताना हात सोडून देऊ नका, मोजून ठेवा. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे सहज घडते, वेगळा वेळ काढावा लागत नाही. गुडघ्याचे किंवा खांद्याचे जुने दुखणे असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडे उचलणाऱ्याचे कौतुक होते. पहिलवानाने गदा उचलली की टाळ्या पडतात, खाली ठेवली ते कोणी पाहत नाही. कार्यशाळेतही "किती उचललेस?" असे विचारतात, "कसे उतरवलेस?" असे कोणी विचारत नाही. यापुढे आपण ते विचारू या. अनंत चतुर्दशीला जे हात बाप्पांना पाण्यापर्यंत अलगद पोहोचवतील, त्यांच्यासाठी पहिला पेढा राखून ठेवावा, एवढी सूचना करतो.

 

गणपती बाप्पा मोरया!